गेलेल्या पत्त्यांचा हिशेब

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. परंतु जुन्या धर्मग्रंथांत तिला आणखी एक नाव आहे, ते द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी सकाळी द्यूत खेळावे, आणि ज्याचा जय होईल त्याला पुढचे वर्ष सुखाचे जाईल असे समजावे, असा चक्क शास्त्राधार आहे. आमच्या घरी बाकीची व्रतवैकल्ये कमीअधिक होत. हे व्रत मात्र कधी चुकले नाही. ओवाळणे झाले, फराळाच्या बश्या विसळल्या गेल्या, की माजघरात सतरंजी पडे आणि मेंढीकोटाचा डाव बसे. हारजीत चिंचोक्यांची असे. पैशाला हात लावायचा नाही, हा आजोबांचा दंडक होता.

त्या डावात माझ्या थोरल्या आत्येला कोणी हरवू शकत नसे. तिचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पण कोणती दश्शी पडली, कोणाचा हुकूम संपला, इस्पिकचा गुलाम अजून कोणाच्या हातात दडून बसला आहे, हे तिला स्वतःच्या हातातल्या बांगड्यांइतके ठाऊक असे. आम्ही मुले विचारायचो, "आत्या, तुला आमचे पत्ते दिसतात का गं?" ती म्हणायची, "दिसत नाहीत रे. गेलेलं मोजत जावं, म्हणजे राहिलेलं आपोआप कळतं."

त्याच घरात आमचे मधले काका होते. माणूस मोठा गोड, गप्पिष्ट; पण चिंचोक्यांत त्यांचे मन रमत नसे. एका दिवाळीत पाडव्याच्या रात्री ते तालुक्याच्या गावी कोणा व्यापाऱ्याच्या माडीवर खेळायला बसले. हरत गेले, आणि जसे हरले तशी पैज दुप्पट करीत गेले. "गेलेलं एका हातात भरून निघेल," हे त्यांचे त्या रात्रीचे पालुपद बरोबरच्या गड्याने पुढे कितीदा तरी सांगितले. भाऊबीजेच्या दुपारी ते घरी आले तेव्हा आत्या निरांजन लावून वाट पाहत बसली होती. काकांनी मुकाट्याने ओवाळून घेतले आणि ताटात काहीच टाकले नाही. कलमांची बाग गहाण पडल्याचे घरात कळले ते आठ दिवसांनी. ती बाग पुन्हा आमच्याकडे आली नाही.

हे सारे इतक्या वर्षांनी आठवायचे कारण माझा पुतण्या. पुण्याला चांगल्या नोकरीत आहे, हुशार आहे. गेल्या पाडव्याला फराळ करता करता तो म्हणाला, "काका, मी गोव्याला जाणार आहे. मांडवीत जहाजांवर कॅसिनो आहेत ना, तिथे. दोन महिन्यांचा पगार बाजूला ठेवलाय. घाबरू नका, हा जुगार नव्हे. पत्ते मोजायचे, आणि वेळ आपली आली की पैज वाढवायची. शुद्ध गणित आहे!" मी पस्तीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवले, तेव्हा शुद्ध गणित म्हटल्यावर मला गप्प बसवेना. शिवाय तो ज्या विद्येबद्दल बोलत होता तिच्या जनकाचे पुस्तक मी ऐन उमेदीत फाउंटनच्या फुटपाथवरून विकत घेतले होते, आणि रात्री जागून वाचले होते. मी त्याला म्हटले, "जा खुशाल, पण जाण्यापूर्वी या विद्येचा इतिहास ऐकून जा." त्याला जे सांगितले तेच वाचकांपुढे ठेवतो.

आधी खेळ काय तो समजून घेऊ. ब्लॅकजॅक म्हणजे एकवीस. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे दहा गुण. एक्क्याचे एक किंवा अकरा, जसे सोयीचे पडेल तसे. बाकीच्या पानांचे त्यांच्यावरच्या ठिपक्यांइतके. प्रत्येकाला दोन पाने मिळतात. आणखी पाने मागत मागत एकविसाच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे. एकवीस ओलांडले की बाद. वाटणारा कॅसिनोचा नोकर. त्याला स्वतःची अक्कल चालवण्याची मुभा नाही: सोळापर्यंत पान घेतलेच पाहिजे, सतरा झाले की थांबलेच पाहिजे. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा गुणांचे पान आले तर तो ब्लॅकजॅक, आणि त्याला जुन्या रिवाजाने पैजेच्या दीडपट मिळते.

खेळ तसा जुना आहे. डॉन किहोतेचा जनक सर्व्हान्तेस याच्या १६१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत एकविसाच्या खेळात तरबेज असलेली लबाड पोरे भेटतात. फ्रान्समधून तो अमेरिकेत गेला, आणि १९३१ साली नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केल्यावर तेथल्या जुगारगृहांत स्थिरावला. आपल्याकडे अड्ड्याचा मालक डावामागे नाल काढतो. कॅसिनोत असा उघड नाल कोणी काढीत नाही; तो नियमांतच मुरवलेला असतो. खेळणाऱ्याने आधी खेळायचे आणि वाटणाऱ्याने मागून. खेळणारा बाद झाला की त्याचे पैसे तिथल्या तिथे जातात. पुढे वाटणारा स्वतः बाद झाला तरी ते परत मिळत नाहीत. मालकाची सारी कमाई या एवढ्याशा फटीतून होते.

आता मोजणी. जुगार आणि मोजणी यांची गाठ सर्वांत आधी कोणी घातली असे विचारले तर मी आपल्याच घरातले उदाहरण देईन, ते वनपर्वातल्या नलाख्यानाचे. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. विदर्भाकडे रथ धावत असताना वाटेत बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्ण सहज म्हणाला, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंचाण्णव फळे आहेत. नळाने रथ थांबवला, झाड तोडले आणि मोजून पाहिले, तो हिशेब तंतोतंत बरोबर! मग नळाने अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षविद्या घेतली. ती मिळताच त्याच्या अंगातला कली बाहेर पडला, आणि पुढे पुष्कराकडून त्याने आपले राज्य परत जिंकले. झाड बेहड्याचेच का, याला कारण आहे. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. म्हणजे मोजणारा राजा आणि मोजायची वस्तू यांची गाठ महाभारतकारांनी जाणूनबुजून घातलेली आहे. आणि ही गोष्ट बृहदश्व ऋषी सांगतात ती कोणाला? सर्वस्व हरून वनात बसलेल्या युधिष्ठिराला. गोष्ट संपल्यावर ते त्यालाही अक्षविद्या देतात. ती सभापर्वाच्या आधी मिळाली असती तर पुढचे महाभारत कदाचित टळले असते. परंतु जुगाऱ्याला शहाणपण नेहमी वनपर्वातच सुचते.

फाशांचे गणित युरोपात १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून मार्गी लागले. फाशाचा एक गुण असा, की त्याला आठवण नसते. दहा वेळा सहा पडला म्हणून अकराव्या वेळी तो लाजत नाही, की दमतही नाही. प्रत्येक फेक पहिली. पत्त्यांचे तसे नाही. एकदा टाकलेले पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. पहिल्याच दोन-तीन हातांत चारही एक्के पडून गेले, तर उरलेल्या कॅटमध्ये कोणालाही ब्लॅकजॅक लागणे शक्यच नाही. पत्त्यांना आठवण असते. ती वाचणारा कोणीतरी हवा, एवढेच. आमच्या आत्येला जे माजघरात कळले होते ते विद्वानांच्या ध्यानात येण्यास मात्र १९६० साल जवळ यावे लागले.

या नव्या इतिहासाचा आरंभ एका लष्करी छावणीत होतो. मेरिलँडमधल्या अ‍ॅबरडीन येथे अमेरिकी सैन्याचे शस्त्रचाचणीचे ठाणे आहे. तेथे १९५३च्या सुमारास बॉल्डविन, कॅन्टी, मेझेल आणि मॅकडरमॉट नावाचे चार तरुण नोकरीला होते. बराकीत पत्ते खेळताना बॉल्डविनच्या मनात आले, वाटणारा जर नियमाने बांधलेला आहे, तर त्याच्यासमोर खेळण्याची सर्वांत चांगली रीत गणिताने काढता आली पाहिजे. चौघांनी मेजावरच्या साध्या हिशेबयंत्रांवर महिनोन् महिने आकडेमोड केली. वाटणाऱ्याचे उघडे पान अमुक, आपली बेरीज तमुक, तर पान घ्यावे की थांबावे, याचा तक्ता सिद्ध झाला आणि १९५६च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या संख्याशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या तक्त्याप्रमाणे खेळले तर मालकाची कमाई शेकडा एकाहूनही खाली येते, सुमारे ०.६वर, असे त्यांनी दाखवले. जिंकता येत नव्हते. पण हरणे जवळजवळ थांबले होते. त्या चौघांच्या तक्त्यात पुढे यंत्रांनी फारच थोडे बदल केले. हाताने केलेल्या कामाला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

तो निबंध हाती पडला एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञाच्या. १९३२ साली शिकागोत जन्मलेला, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून नुकताच डॉक्टरेट झालेला. १९५८च्या नाताळात तो बायकोबरोबर लास व्हेगासला सहलीला गेला. जुगारासाठी नव्हे, स्वस्तात राहायला-जेवायला मिळते म्हणून. तक्ता एका छोट्या कागदावर उतरवून त्याने तळहातात धरला, आणि चांदीचे दहा डॉलर घेऊन टेबलाशी बसला. आजूबाजूचे लोक त्या कागदाला हसले. उठला तेव्हा साडेआठ डॉलर गेले होते. इतिहास घडवणाऱ्या माणसाची सलामी ही अशी!

घरी येऊन त्याने मूळ निबंध पुन्हा वाचला, तेव्हा त्यातले एक गृहीत त्याच्या डोळ्यांत भरले. चौघांनी प्रत्येक हात जणू नव्या, पुऱ्या कॅटमधून वाटला जातो असे धरले होते. पण प्रत्यक्षात तर कॅट आटत जातो! मग कोणती पाने गेली म्हणजे कोणाचे पारडे जड होते? पुढे बोस्टनजवळच्या एम.आय.टी. या संस्थेत शिकवीत असताना त्याला तेथला आय.बी.एम. ७०४ हा संगणक वापरायला मिळाला. त्यासाठी तो फोरट्रान ही यंत्राची भाषा शिकला, आणि एकेक प्रकारची पाने काढून टाकून हिशेब करीत गेला. निष्कर्ष विलक्षण होता. नुसत्या चार पंज्या कॅटमधून गेल्या, की खेळणाऱ्याला शेकडा तीनाहून अधिक फायदा. उलट दहा गुणांची पाने आणि एक्के गेले, की मालकाची चंगळ.

असे का व्हावे, हे समजायला संगणक लागत नाही. वाटणाऱ्याला सोळावर पान घ्यावेच लागते. उरलेल्या कॅटमध्ये दश्श्या-राजे भरपूर असतील तर तो वारंवार बाद होतो. खेळणारा मात्र बारावर, तेरावर शहाणपणाने थांबू शकतो. शिवाय ब्लॅकजॅक दोघांनाही सारखेच लागतात, पण दीडपट पैसे मिळतात ते फक्त खेळणाऱ्याला. लहान पाने ही मालकाची मित्र: ती वाटणाऱ्याला सोळावरून सुखरूप एकविसाला पोचवतात. तात्पर्य, लहान पाने गेली की आपले भाग्य, मोठी गेली की त्याचे.

१९६१च्या जानेवारीत वॉशिंग्टनला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अधिवेशनात थॉर्पने हे मांडले. त्याच वर्षी त्याचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रात आला. तो तेथे पाठवला क्लॉड शॅनन याने, ज्याने माहितीशास्त्राचा पाया घातला त्या शॅननने. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, आणि थॉर्पकडे पत्रांचा पाऊस पडला. बहुतेकांना रहस्य हवे होते. काहींना त्याच्यावर पैसे लावायचे होते.

इथपर्यंत ऐकल्यावर पुतण्याचे डोळे चमकू लागले. मी म्हटले, "थांब, अर्धीच गोष्ट झाली. मोजणे सोपे आहे. पैज किती लावायची, हे अवघड."

मोजण्याची जी सोपी रीत आज सर्वत्र शिकवली जाते, तिची मूळ कल्पना हार्वी डब्नर याने १९६३ साली मांडली. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान पडले की एक मिळवायचा; दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का पडला की एक वजा करायचा; सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य. एका कॅटमध्ये अशी वीस पाने अधिकाची आणि वीस उण्याची, म्हणजे कॅट संपेतो बेरीज शून्यावर आलीच पाहिजे. कॅट अनेक असतील तर आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचे. समजा सहा कॅट, ३१२ पाने आहेत. निम्मी वाटून झाली आणि बेरीज अधिक बारा आहे. उरले तीन कॅट. बारा भागिले तीन, चार. हा खरा आकडा. अगदी आरंभीच बारा आले असते तर भागाकार दोनाच्या आसपास आला असता. मूठभर मीठ तांब्यात टाकले काय आणि घागरीत टाकले काय, हा फरक आपल्याला ठाऊक आहेच.

आता ढोबळ हिशेब असा. आकडा शून्य असताना मालकाला शेकडा अर्ध्याचा फायदा. दर एकामागे आपली बाजू साधारण अर्ध्याने सुधारते. म्हणजे एकावर बरोबरी, दोनावर आपल्याला अर्धा टक्का, चारावर दीड टक्का. शंभर डॉलरच्या पैजेमागे सरासरी दीड डॉलर. आणि बहुतेक वेळ आकडा शून्याच्या आसपास किंवा खालीच रेंगाळत असतो. म्हणून जो सतत एकच रक्कम लावतो तो कितीही अचूक मोजो, अखेर हरतो. जिंकण्याचा एकच मार्ग आहे: प्रतिकूल काळात नाममात्र एक लावायचा, आणि अनुकूल काळ आला की आठ, दहा, बारा. मोजणी ही नुसती दृष्टी. मिळकत होते ती पैजेच्या चढउतारातून.

मग अनुकूल काळी सर्वस्वच का लावू नये? याचे उत्तर जॉन केली या तरुण शास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या निबंधात होते. केली बेल प्रयोगशाळेत काम करी. त्याचा निबंध शॅननने थॉर्पला दाखवला. केलीचा नियम थोडक्यात असा: जवळच्या भांडवलाचा तेवढाच अंश लावावा जेवढा आपला फायदा आहे. समजा एक नाणे शंभरात ५१ वेळा आपल्या बाजूने पडते. फायदा शेकडा दोन. मग दर वेळी भांडवलाचे शेकडा दोनच लावावेत. यापेक्षा अधिक लावले तर वाढ मंदावते. चाराच्या पुढे गेले तर नाणे आपल्या बाजूचे असूनही दीर्घकाळात भांडवल आटत जाते. हे मी पहिल्यांदा ताडून पाहिले तेव्हा पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ मधल्या काकांचा विचार करीत बसलो. बाजू आपली असतानाही अधाशीपणाने माणूस बुडतो, हे गणिताने सिद्ध होते. मग बाजू आपली नसताना, केवळ हरलो म्हणून पैज दुप्पट करणाऱ्याचे काय? एकापासून दुप्पट करीत गेले तर ओळीने दहा हरल्यावर १०२३ गेलेले असतात आणि अकराव्या हातावर १०२४ लावावे लागतात. तेही सारे मिळून एक रुपया जिंकण्यासाठी.

१९६१च्या वसंतात थॉर्प नेवाडातल्या रीनो आणि टाहो सरोवराच्या बाजूला प्रत्यक्ष परीक्षेला उतरला. भांडवल दोन धनिक जुगाऱ्यांचे होते. त्यातला प्रमुख न्यूयॉर्ककडचा एमॅन्युएल किमेल. थॉर्पने आपल्या पुस्तकात त्याला श्रीयुत 'क्ष' म्हटले आहे. त्यांनी एक लाख डॉलर देऊ केले होते. थॉर्पने दहा हजारच घेतले. आधी एक ते दहा डॉलरच्या पैजांवर हात बसवला, मग हळूहळू पाचशेपर्यंत चढला. सुमारे आठवड्याभरात दहा हजारांवर अकरा हजार जिंकले. पण त्या प्रवासातला मला सर्वांत बोलका वाटलेला प्रसंग वेगळाच आहे. एका रात्री दोघांनी भरपूर जिंकले. थॉर्प थकला, मोजणी चुकेल म्हणून उठला. श्रीयुत 'क्ष' उठेनात! अंगात संचार व्हावा तसे ते खेळत राहिले. त्यांची समजूत घालून बाहेर काढीपर्यंत पाऊण तास गेला आणि तेवढ्यात जिंकलेल्यातले हजारो डॉलर परत गेले. शेजारी जगातला सर्वोत्तम मोजणारा उभा असताना हे घडले.

१९६२ साली थॉर्पचे 'बीट द डीलर' हे पुस्तक निघाले आणि हातोहात खपले. हवालदिल झालेल्या लास व्हेगासच्या जुगारगृहांनी १ एप्रिल १९६४ रोजी खेळाचे नियम कडक केले: पैज दुप्पट करण्याची मुभा अकरावरच, एक्क्यांची जोडी फोडायची नाही. गिऱ्हाईक रुसले, टेबले ओस पडली, आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आणावे लागले. मजा अशी, की पुस्तकामुळे या खेळाला पूर्वी कधी नव्हते इतके गिऱ्हाईक मिळाले. पुस्तक वाचणारे पुष्कळ, विद्या पचवणारे थोडे. पहिल्यांच्या पैशावर मालकांचे भले झाले.

मग मालकांनी युक्ती लढवली. एका कॅटऐवजी चार, सहा, आठ कॅट एकत्र पिसू लागले. पैज एकाएकी वाढवणाऱ्यावर नजर ठेवू लागले. संशय आला की पाने मध्येच पिसायची, नाहीतर गिऱ्हाइकाला दार दाखवायचे. ध्यानात घ्या, पकडला जातो तो मोजणीमुळे नव्हे. डोक्यातली बेरीज कोणाला दिसत नाही. दिसतो तो पैजेचा चढउतार. यावर १९७०नंतरच्या पहिल्या वर्षांत अल फ्रान्सेस्को या खेळाडूने तोड काढली. टेबलोटेबली आपली माणसे बसवायची. त्यांनी लहान पैजा लावत नुसते मोजायचे. आकडा चढला की खूण करायची, आणि श्रीमंत, बेफिकीर दिसणाऱ्या एका 'बड्या खेळाडू'ने येऊन तेथे मोठ्या रकमाच तेवढ्या लावायच्या. कोणा एकाची पैज वरखाली होतच नाही. मग संशय कोणावर घेणार?

१९७४ साली या मंडळींत केन उस्टन सामील झाला. पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजचा हा वरिष्ठ उपाध्यक्ष वेशांतरे करकरून खेळे. ओळखला गेल्यावर त्याला सर्वत्र मज्जाव झाला, तेव्हा तो अटलांटिक सिटीतल्या रिझॉर्ट्स इंटरनॅशनल या कॅसिनोविरुद्ध कोर्टात गेला. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केवळ मोजतो म्हणून माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार कॅसिनोला नाही. खेळाचे नियम ठरवणे हे सरकारी आयोगाचे काम. डोके वापरणे हा गुन्हा नाही, असाच त्याचा अर्थ. नेवाडातही मोजणे हा गुन्हा नाही. तिथे बंदी आहे ती यंत्रांना, १९८५च्या कायद्याने, कारण बुटांत संगणक दडवून खेळणारे निघाले होते. पण गिऱ्हाइकाला नको म्हणण्याची मोकळीक तिथल्या मालकाला राहिली. आणि न्यू जर्सीत तरी काय झाले? आयोगाच्या परवानगीने मालकांनी हवे तेव्हा पिसायला सुरुवात केली. खटला उस्टन जिंकला. खेळ मालकांकडेच राहिला. १९८७ साली, ५२व्या वर्षी, उस्टन पॅरिसमध्ये वारला.

१९८०पासून एम.आय.टी.च्या विद्यार्थ्यांच्या संघांनी हीच तोड शिस्तीने वापरली; त्यावर २००८ साली चित्रपटही निघाला, आणि माझ्या पुतण्यासारख्या तरुणांना तोच आठवतो. त्यात झगमगाट आहे. मात्र संघात घेण्याआधी उमेदवाराची जी कडक परीक्षा होई, तिचा कंटाळा पडद्यावर दाखवता येत नाही. आज अनेक ठिकाणी पाने सतत पिसणारी यंत्रे आली आहेत. गेलेले पान लगेच परत कॅटमध्ये जाते, म्हणजे पत्त्यांची आठवणच पुसून टाकतात. काही टेबलांवर ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी पाचास सहा देतात: दहा डॉलरला पंधराऐवजी बारा. एवढ्या एका फरकाने मोजणाऱ्याचा बराचसा फायदा गिळला जातो.

आणि थॉर्प? त्याने हे टेबल केव्हाच सोडले होते. तोच हिशेब, तोच केलीचा नियम घेऊन तो शेअरबाजारात गेला. १९६९ साली त्याने भागीदारीत गुंतवणुकीचा निधी काढला आणि एकोणीस वर्षे तो उत्तम चालवला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मोजणाऱ्याने पत्त्यांतून मिळवले ते एवढेच: कोठे बसू नये याचे ज्ञान.

पुतण्या म्हणाला, "काका, इतिहास झाला. पण मला मोजता येतं, त्याचं काय?" मी म्हटले, "बघूया." पाठोपाठ चार रविवार तो आमच्याकडे आला. सतरंजीवर बसून सहा कॅट पिसले, वाटणारा मी, पैजेला आत्येच्या जुन्या डब्यातले चिंचोके. नातवंडांना मुद्दाम शेजारी गोंगाट करायला बसवले. पोराची मोजणी खरोखर अचूक होती. मी वहीत टिपून ताळा घेतला. पैजाही त्याने नियमाने लावल्या. चार रविवार मिळून तो चाळीस चिंचोके हरला.

"कुठे चुकलं?" त्याने विचारले. मी म्हटले, "कुठेच नाही." शेकडा एक फायदा असला तर शंभर हातांत सरासरी मिळकत एका पैजेची, आणि नशिबाचा हेलकावा अकरा-बारा पैजांचा, इकडे किंवा तिकडे. सरासरीचे फळ पदरात पडायला हजारो हात खेळावे लागतात. तितके दिवस टिकेल असे भांडवल लागते. आणि तितके दिवस मालकाने बसू द्यावे लागते. त्याने गणित पुन्हा करून पाहिले. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "शेवटच्या रविवारी मला सारखं वाटत होतं, आता एकदम वीस लावून टाकावेत. आकडा उणे होता, तरी."

तेव्हा मी त्याला मधल्या काकांची गोष्ट सांगितली. घरात ती सहसा कोणी सांगत नाही. आत्या गेलेलं मोजायची, आणि काकाही गेलेलंच मोजत बसले होते. ती गेलेली पाने मोजून पुढे काय उरले ते पाहत असे. ते गेलेला पैसा मोजून मागे वळून पाहत राहिले. गणित दोघांचेही वजाबाकीचेच होते.

डिसेंबरात पुतण्या गोव्याला जाऊन आला. जहाजावर चढला होता का, हे मी विचारले नाही. त्याने आपणहून एवढेच सांगितले, की दोन महिन्यांचा पगार बँकेत आहे आणि पणजीला सुरमई फार छान मिळाली. यंदा पाडव्याला तो येणार आहे. मेंढीकोटाला चौथा गडी कमीच आहे. चिंचोक्यांचा डबा मी धुऊन, पुसून उन्हात ठेवला आहे.